अडकलेलं पार्सल आणि बाखच्या कॅन्टाटांचे उरलेले खंड

तुमची पोस्ट वाचली आणि जुन्या जखमेवरची खपलीच निघाली. बाखच्या कॅन्टाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या त्याच्या रचना, हार्नोनकोर्ट आणि लिओनहार्ट या दोन संचालकांनी ध्वनिमुद्रित केल्या; त्यांचे जर्मनीहून मागवलेले जुने एलपी खंड कस्टम्समध्ये अडकलेत, आणि उरलेले मागवावेत की सरळ जपानी संचालक सुझुकींच्या संचाकडे वळावं, असं तुम्ही विचारलंय. आधी पार्सलचं बोलू.

या खंडांत दोन रेकॉर्ड असतात आणि सोबत कॅन्टाटांचं पूर्ण छापील नोटेशन. मी त्या नोटेशनसाठीच मागवले होते. आमच्याकडच्या कार्यालयाला (नाव घेत नाही, पुन्हा तिथंच जायचंय) नेमकं तेच पचेना. हे पुस्तक की रेकॉर्ड? एका खिडकीवर म्हणाले, पुस्तकाची किंमत वेगळी दाखवा. तसं लिहून नेलं तर दुसऱ्या खिडकीवरचे साहेब म्हणाले, मग हे दोन माल झाले, बिल एकच कसं? बिल म्हणजे विक्रेत्यानं हातानं लिहिलेली जर्मन चिठ्ठी. भाषांतर आणा. आणलं, तर त्यावर शिक्का कुठाय? हे सगळं होईतो खोका उघडून चिकटपट्टीनं कसाबसा बांधलेला, उभ्या ठेवायच्या रेकॉर्ड आडव्या, आणि वर कुणाचा तरी मिक्सर. एक रेकॉर्ड वाकली ती वाकलीच. तक्रारीवर उत्तर आलं की वस्तू वापरलेली असल्यानं नुकसान ग्राह्य नाही. वर जागाभाडंही लावलं!

तेव्हा विक्रेत्याकडून आजच इंग्रजीत टाइप केलेलं बिल मागवा आणि 'वापरलेल्या रेकॉर्ड, पुस्तिकेसह' असं एकाच ओळीत लिहायला सांगा. नियम एव्हाना बदललेही असतील, मी काही त्यातला वकील नाही.

उरलेले खंड मात्र, माझं ऐकाल तर, मागवू नका. कॅन्टाटांचं जुनं, बाख-गेझेलशाफ्ट या जर्मन संस्थेनं छापलेलं नोटेशन आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट आहे. राहिलं वादन-गायन. 1971 साली हे काम सुरू झालं तेव्हा जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर सगळ्या चर्च कॅन्टाटा कुणीच केल्या नव्हत्या, त्यामुळे मान आहेच. पण सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या, जागा जवळजवळ सगळीकडे लहान मुलगे गातात, आणि लांब आरियात (एकट्या गायकाच्या गाण्यात) त्यांचा दम पुरत नाही. सुरुवातीच्या खंडांत हॉर्नही अधूनमधून घसरतात. काहींना तो रांगडेपणाच आवडतो. मला निवडक आवडतो. लिओनहार्टची बीडब्ल्यूव्ही 106 (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) मात्र सोडू नका. सुरुवातीच्या सोनाटिनात, म्हणजे फक्त वाद्यांच्या छोट्या तुकड्यात, खाली व्हिओला द गांबा (गजानं वाजवायची, पायांत धरायची जुनी तंतुवाद्यं) संथ चालतात आणि वर दोन रेकॉर्डर, म्हणजे उभ्या बासऱ्या, बराच वेळ एकच ओळ वाजवतात. मधेच एक थबकते, दुसरी तेवढ्यात सूर हलवून घेते. हेडफोन लावून ऐका.

सुझुकींचा संच (बाख कोलेजियम जपान, 1995 ते 2013) कोबेच्या एका चॅपलमध्ये ध्वनिमुद्रित झालाय. सूर स्वच्छ, उच्चार स्पष्ट, दर्जा शेवटपर्यंत टिकलेला. कधीकधी जरा जास्तच इस्त्री केल्यासारखा वाटतो, पण एकच संच घ्यायचा तर हाच घ्या. इंग्रज संचालक गार्डिनरनी 2000 साली वर्षभर चर्चच्या दिनदर्शिकेप्रमाणे गावोगावच्या चर्चमध्ये कॅन्टाटा सादर केल्या. त्यात मैफलीची ऊब आहे, आणि घाईही. पैसे घालण्याआधी नेदरलँड्स बाख सोसायटीचे यूट्यूबवरचे फुकटचे व्हिडिओ बघा. गांबावर गज कसा धरतात ते तिथं नीट दिसतं.

आणि हो, पेटी घेऊन सोबत बसणार असाल तर स्वर जुळत नाहीत म्हणून रेकॉर्डला दोष देऊ नका. ही मंडळी त्यांचा 'ए' हा सूर बहुधा 440 ऐवजी 415 हर्ट्झवर लावतात, म्हणजे त्यांची पांढरी सहा आपल्या पेटीवर काळी चारवर येते. पेटी सरकपट्टीची असेल तर एक घर खाली सरकवा, काम भागतं.