वर्गातला पडदा : शिक्षकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टीव्ही, प्रोजेक्टर, व्हिडिओ आणि क्यूआर कोड यांविषयी शिक्षक वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून त्या टाळल्या आहेत. मापं मात्र दिली आहेत.

प्रश्न : सातवीला चंद्रकलांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. मुलं चिडीचूप बसली, ‘कळलं’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी लिहायला सांगितलं, तर निम्म्या वर्गाने ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात’ असंच लिहिलं. व्हिडिओत तर बरोबर सांगितलं होतं. मग चुकलं कुठे? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

मुलांच्या डोक्यात सावलीची समजूत आधीपासून ठाण मांडून बसलेली असते. गुळगुळीत निवेदन ऐकताना ती जागची हलत नाही. उलट ‘हे तर आपल्याला ठाऊकच होतं’ असं वाटून आणखी घट्ट होते. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या आपल्या २००८च्या पीएचडीत भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंबाबत नेमकं हेच तपासलं. सरळसोट समजावून सांगणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपे आणि स्पष्ट वाटले, पण त्यांच्या गुणांत जेमतेमच फरक पडला. ज्या व्हिडिओंत चुकीची समजूत आधी बोलून दाखवली आणि मग खोडली, ते गोंधळात टाकणारे वाटले. शिकणं मात्र त्यांतूनच जास्त झालं. तेव्हा चिडीचूप वर्गावर फार विसंबू नका.

३५ मिनिटांची तासिका धरली तर पहिली पाच मिनिटं टीव्ही बंदच ठेवा. ‘अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो?’ याचं उत्तर प्रत्येकाने वहीत चित्र काढून आणि एका ओळीत कारण लिहून द्यायचं. वर्गात फिरून तीन वेगवेगळी उत्तरं उचला आणि फळ्यावर लिहा. बरोबर-चूक काही बोलू नका.

मग दहातली तीन-चार मिनिटंच दाखवा. कुठून कुठपर्यंत, ते आदल्या दिवशी पाहून मिनिट-सेकंदासह कागदावर टिपलेलं असावं. पहिला थांबा सूर्य-पृथ्वी-चंद्र असा काटकोन होतो तिथे. आवाज बंद करा आणि विचारा, ‘आत्ता पृथ्वीची सावली कुठे पडली आहे? बोट दाखवा.’ सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला सरळ जाते आणि चंद्र तर बाजूला आहे. इथे वर्गात कुजबुज सुरू होते. ती मिनिटभर होऊ द्या. दुसरा थांबा पौर्णिमेला : ‘आता चंद्र सावलीच्याच बाजूला आहे, मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?’ चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांनी कललेली असते, हे त्याचं कारण. बरेच व्हिडिओ दोन्ही कक्षा सपाट एकाच पातळीत काढून हा प्रश्न गिळून टाकतात. तुमच्या व्हिडिओत तसं असेल तर कलती कक्षा फळ्यावर तुम्हीच काढा.

त्यानंतर खोलीत अंधार करून मधोमध, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, एक उघडा बल्ब लावा. काडीला खोचलेला चेंडू हात लांब करून धरायचा आणि बल्बकडे तोंड करून सुरुवात करत डावीकडे सावकाश गोल फिरायचं. पाव फेरी झाली की चेंडूची उजवी बाजू उजळते : शुक्ल अष्टमी. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरायला आवर्जून सांगा. डोक्याच्या रेषेत धरला तर पौर्णिमेच्या जागी मुलाच्याच डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि जी समजूत खोडायची तिचाच पुरावा त्याच्या हाती लागतो. हा प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच.

शेवटच्या पाच मिनिटांत सुरुवातीचं चित्र न बघता पुन्हा काढायचं. दोन-तीन दिवसांनी, व्हिडिओचं नावही न घेता, तोच प्रश्न आणखी एकदा विचारा.

जाता जाता : अशा व्हिडिओंत चंद्र पृथ्वीला अगदी खेटून दाखवलेला असतो. पृथ्वी म्हणून २० सेंमी व्यासाचा चेंडू घेतला तर चंद्र साडेपाच सेंमीचा, आणि तो ठेवायचा ६ मीटर लांब. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मापून दाखवा.

प्रश्न : आमची वर्गखोली २५ फूट लांब आणि २० फूट रुंद, मुलं ४५. ग्रामपंचायत ४३ इंची टीव्ही द्यायला तयार आहे, माजी विद्यार्थी प्रोजेक्टर म्हणतात. काय मागावं? (मुख्याध्यापक, बीड जिल्हा)

आधी शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर मोजा. पडद्यावरची अक्षरं वाचायची असतील तर चित्राच्या उंचीच्या सहापटीपलीकडे कोणी बसू नये, हा ढोबळ हिशेब. ४३ इंची टीव्हीच्या चित्राची उंची २१ इंच, म्हणजे साडेदहा फुटांपर्यंतच अक्षर नीट लागतं. ५५ इंचीला साडेतेरा फूट, ६५ इंचीला सोळा. तुमचा शेवटचा बाक सुमारे २० फुटांवर येणार. ४३ इंची टीव्ही घेतलात तर मागच्या तीन रांगा नुसता आवाज ऐकतील, आणि पुढे त्याच रांगा दंगा करतात म्हणून ओरडा खातील.

प्रोजेक्टरचं चित्र ६ फूट रुंद पाडलं तर ते २० फुटांवरून वाचता येतं, पण खोलीत अंधार करता आला तरच. खोक्यावर ‘एएनएसआय ल्युमेन’ (उजेडाचं प्रमाणित माप) असे शब्द शोधा, ३००० हवेत. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरवर नुसतं ‘५००० ल्युमेन’ छापलेलं असतं, तो आकडा या मापाचा नसतो. दुसरी गोष्ट ‘थ्रो रेशो’, म्हणजे प्रोजेक्टरचं भिंतीपासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट. तो १.५ असेल तर ६ फुटी चित्रासाठी प्रोजेक्टर ९ फुटांवर, म्हणजे ऐन बाकांमध्ये येतो : वायरी पायात, डोकी प्रकाशात. छताला टांगणं किंवा ०.५ रेशोचा ‘शॉर्ट थ्रो’ घेणं, हे दोनच मार्ग. दुसऱ्यात तो भिंतीपासून ३ फुटांवर बसतो. भिंतीला ऑइलपेंट असेल तर मधोमध चकाकी येते, तेवढा चौकोन बिनचमकीच्या पांढऱ्या रंगाने रंगवून घ्या. दिव्याचा प्रोजेक्टर रिमोटने बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण दाबायचं नाही. गरम दिवा थंड न होता राहिला की त्याचं आयुष्य घटतं, कधी तो तडकतोही.

तुमच्याकडे वीज जात-येत असेल तर आमचा कौल ५५ किंवा ६५ इंची टीव्हीला. तो प्रोजेक्टरपेक्षा बराच कमी वीज खातो, इन्व्हर्टरवर आरामात चालतो, वीज अचानक गेली तरी बिघडत नाही. टीव्ही खिडकीच्या समोर लावू नका आणि सगळ्यांना बाकं पुढे ओढून, मागच्यांना उभं राहून बघायची मुभा द्या. स्पर्शाने चालणाऱ्या मोठ्या पॅनेलचा मोह मात्र आवरा. एक मूल बोट लावतं तेव्हा बाकीचे ४४ जण बघे असतात.

प्रश्न : घरी लॅपटॉपवर चालणारा व्हिडिओ शाळेच्या टीव्हीत पेनड्राइव्हने लावला की चित्र येतं, आवाज येत नाही. कधी पेनड्राइव्हच दिसत नाही.

चित्र आहे आणि आवाज नाही, म्हणजे त्या फाइलमधल्या आवाजाचा प्रकार टीव्हीला ओळखता येत नाही. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ‘फास्ट ७२०पी३०’ निवडा, चित्र एच.२६४, आवाज एएसी, फाइल एमपी४ अशी खात्री करून नवी प्रत काढा. ही जोडी जवळपास सगळे टीव्ही वाचतात. पेनड्राइव्ह दिसत नसेल तर तो ‘एफएटी३२’मध्ये फॉरमॅट करा. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, आणि ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही.

लॅपटॉप एचडीएमआय वायरने जोडला असेल तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजासाठी टीव्ही निवडावा लागतो. जुन्या प्रोजेक्टरची निळ्या टोकाची व्हीजीए वायर आवाज नेतच नाही, त्यासाठी वेगळी ऑडिओ वायर. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज कधीकधी चित्रामागे रेंगाळतो, म्हणून वायरच बरी.

प्रश्न : शाळेत नेट नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडचा उपयोग कसा करावा? (शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

नेट घरी वापरा, शाळेत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये माध्यम मराठी आणि आपली इयत्ता निवडा. बालभारतीच्या पुस्तकातला कोड पुसट झाला असेल तर त्याखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची ओळ टाइप करा, तोच आशय उघडतो. तो ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा आणि फोनचं नेट बंद करून एकदा शेवटपर्यंत चालवून बघा. ही चाचणी टाळली की हमखास वर्गातच गोल चक्र फिरत बसतं.

फोन टीव्हीला जोडण्यासाठी ‘सी-टाइप ते एचडीएमआय’ जोडणी घेण्याआधी ती दुकानातच आपल्या फोनला लावून बघा. कमी किमतीच्या कित्येक फोनच्या सी-पोर्टमधून चित्र बाहेर पडतच नाही. जोडणी चांगली असून दोष तिच्यावर येतो.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, जरूर बघा. अनेक मराठीत आहेत, आणि एचटीएमएल५ प्रकारातलं प्रत्येक एकाच फाइलमध्ये उतरवता येतं. ती फाइल ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन घेऊन आधी विचारा : ‘एकसर जोडणीत दुसरा बल्ब लावला तर पहिला तेवढाच उजळेल की मंद होईल?’ हात वर करून मतं घ्या, मगच बल्ब जोडा. पण त्यानंतर खरे सेल, वायर आणि बल्ब हातात द्यायलाच हवेत. पडद्यावर सेल उतरलेला नसतो आणि वायरचं टोक गंजलेलं नसतं. दोष शोधायला मूल तिथे शिकत नाही.

प्रश्न : मुलांकडे फोन नाहीत. तरी डिजिटल चाचणी घेता येईल का?

येईल. ‘प्लिकर्स’ या ॲपमध्ये फोन फक्त शिक्षकाला लागतो, तोही नेटसह. प्रत्येक मुलाला क्रमांकाचं, काळ्या नक्षीचं छापील कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी असतं. आपलं उत्तर असलेली बाजू वर धरायची, शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. कार्डं जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. काळ्या नक्षीवर बोट आलं तरी कार्ड वाचलं जात नाही, म्हणून कडेला धरायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

खरी मेहनत प्रश्नावर घ्या. चुकीचे पर्याय मनाने रचू नका, मुलांच्या वह्यांतल्या चुकाच पर्याय म्हणून वापरा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर शिक्षक लगेच उलगडा करत नाही. प्रत्येकाने वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवायचं, मग पुन्हा मत. पडद्यावर मुलांची नावं दिसू देऊ नका. नेट नसेल तर चार रंगांचे पुठ्ठे घेऊन हेच करता येतं. उत्तरांची नोंद तेवढी हाताने ठेवावी लागेल.

प्रश्न : आमची द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी एकत्र. एकीला व्हिडिओ लावला की दुसरीही तिकडेच बघते.

बघणारच. चौथीला टीव्हीकडे आणि तिसरीला पाठमोरं, फळ्याकडे तोंड करून बसवा. आवाज मोठ्या स्पीकरवर न लावता छोटा स्पीकर चौथीच्या मध्ये जमिनीवर ठेवा. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आतला असावा. सोबत तीन प्रश्नांची चिठ्ठी आणि थांबायच्या वेळा लिहून द्या. रिमोट रोज वेगळ्या मुलाकडे. याउपर एखादा विषय दोन्ही इयत्तांना चालण्यासारखा असेल तर सरळ सगळ्यांना एकत्र दाखवा आणि प्रश्न वेगळे द्या.

प्रश्न : स्वतःचे व्हिडिओ करायचे आहेत. कॅमेरा कोणता घ्यावा? (शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

कॅमेरा नको, फोन पुरे. पुस्तकांच्या दोन चळतींवर फळी टाका, फोन कॅमेऱ्याची बाजू फळीबाहेर काढून, स्क्रीन वर करून ठेवा, कागदापासून ३५-४० सेंमी वर. खाली कागद आणि जाड मार्कर. उजव्या हाताने लिहीत असाल तर खिडकी डावीकडे यावी, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमका शेवटच्या मिनिटाला कॉल येतो.

पैसे खर्च करायचेच तर कॉलर माइकवर करा. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, म्हणून सतरंज्या अंथरा किंवा घरी कपड्यांच्या कपाटाजवळ बसा. चित्र जरा धूसर असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज कळला नाही की लगेच लक्ष उडतं. एका व्हिडिओत एकच मुद्दा, तीन-चार मिनिटं. तुमच्या मुलांच्या घरी अहिराणी किंवा भिली बोलत असतील तर अवघड शब्द आधी त्या बोलीत सांगा. पुण्या-मुंबईत तयार झालेल्या व्हिडिओत हे सहसा नसतं.

फाइलला ‘नवीन व्हिडिओ २ अंतिम’ असं नाव देऊ नका. ‘४-गणित-अपूर्णांक-तुलना’ अशी इयत्ता, विषय, घटक या क्रमाने नावं द्या आणि एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवा, म्हणजे तुमची बदली झाल्यावर येणाऱ्या शिक्षकालाही ती सापडेल.