आधी वही रिकामी कर

प्रिय मैत्रिणी,

परवा तू दोन तास बसलीस. त्यातला दीड तास कोण कुणाला काय बोललं हेच सांगत होतीस. मी ऐकून घेतलं, कारण आपला बँड फुटल्यावर पहिले काही महिने दुसरं सुचतच नाही. मलाही सुचलं नव्हतं. मग तू नवं गाणं वाजवून दाखवलंस. चाल बरी आहे, आणि दुसऱ्या कडव्यात तुमच्या बँडमधल्या त्या गिटारवाल्या मुलाला जे सुनावलं आहेस तेही चांगलंच लागेल त्याला. मी गप्प बसलो म्हणून तू खट्टू होऊन गेलीस. बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय.

गाणं शोधताना तुझा अंगठा चुकला आणि फोनवर भलतंच काहीतरी लागलं. मागे पंखा घरघरतोय, तू शब्दांशिवाय नुसती गुणगुणतेयस, आणि तिसऱ्या ओळीला सूर खाली यायच्या ऐवजी वरच अडकून बसतो. दहा-बारा सेकंद असेल. तू झटकन बंद केलंस आणि म्हणालीस, "ते नको दादा, ते बँडमध्ये नापास झालेलं." फोल्डरचं नावच तू 'रिजेक्ट' ठेवलं आहेस. किती आहेत असली, विचारलं तर म्हणालीस, चौदा.

चौदा गाणी पडलेली असताना तू मला विचारतेस, एकटीच्या पहिल्या अल्बमला गाणी कुठून आणू!

आधी वही रिकामी कर. वही म्हण, फोल्डर म्हण, काहीही म्हण. जे त्यांनी घेतलं नाही ते आधी बाहेर काढ. नवं नंतर.

जॉर्ज हॅरिसनचं उदाहरण तुला पाठ असेल, त्यामुळे थोडक्यात आटपणार होतो, पण ते मला जमत नाही. बीटल्स हा 1970 मध्ये फुटलेला चौघांचा इंग्लिश बँड. त्यात जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची गाणी आधी, मग जागा उरली तर जॉर्जचं एखादं. तुझंही तसंच होतं, अल्बममागे दोन गाणी. 1970 च्या नोव्हेंबरात जॉर्जचा एकट्याचा अल्बम 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आला तो थेट तीन तबकड्यांचा. त्याचं शीर्षकगीत जानेवारी 1969 मध्ये बीटल्सच्या तालमीत वाजवून झालं होतं आणि तिथेच राहिलं होतं. 'इझन्ट इट अ पिटी' तर 1966 चं. चार वर्षं माणसाने ते गाणं सांभाळलं आणि वेळ आल्यावर सात मिनिटांचं करून लावलं. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून त्याच अल्बममध्ये वेगळ्या रूपात पुन्हा एकदा लावलं! असला हट्ट मला फार आवडतो.

तू लगेच त्याच अल्बममधल्या 'वाह-वाह' गाण्याचं नाव घेशील. घे. ते रागाचं गाणं आहे, मान्य. जानेवारी 1969 मध्ये तो तालीम सोडून घरी निघून गेला, त्या वेळचं. पण ते तेव्हाच लिहून वहीत पडलेलं होतं. बँड फुटल्यावर हिशेब चुकते करायला बसून जुळवलेलं नव्हतं. दोन्हीत फरक आहे, आणि तो तुला कळत नसेल तर मी समजावत बसणार नाही.

त्यातलंच 'माय स्वीट लॉर्ड' जुन्या वहीतलं नव्हतं, हेही खरं. ते 1969 च्या शेवटी सुचलेलं. आणि त्याचं त्याने काय केलं? आधी आपल्या गायक मित्राला, बिली प्रेस्टनला दिलं. प्रेस्टनचा अल्बम दोन महिने आधी आला, त्यात ते आहे. ज्याच्याकडे साठलेलं भरपूर असतं त्याला नव्या गाण्याची घाई नसते, असं मी त्यावरून ठरवून टाकलं आहे. तुला पटलं नाही तरी चालेल.

फक्त वही रिकामी कर म्हणजे कचऱ्याचा डबाही उपडा कर, असं मी म्हणत नाही. जॉर्जच्या तिसऱ्या तबकडीवर सगळे मित्र जमून वाजवत बसलेत. मोठे वाजवणारे आहेत, पण मी ती आजवर दोनदाच पूर्ण ऐकली आहे.

पॉल मॅकार्टनीची गोष्ट तुला वेगळ्या कारणासाठी सांगतोय. 1969 च्या अखेरीस त्याने लंडनच्या राहत्या घरी चार ट्रॅकचं यंत्र आणून ठेवलं. मिक्सर नाही, आवाजाची पातळी दाखवणारा काटा नाही. माइक थेट यंत्राच्या मागे खोचायचा आणि कानाने अंदाज घ्यायचा. यंत्र चालतंय का बघायला म्हणून पाऊण मिनिटाचं एक गाणं केलं. शेवटी दार करकरतं आणि तो हसतो, तेही त्याने तसंच ठेवलं आणि तेच अल्बमचं पहिलं गाणं केलं. तुझ्या पंख्याचं मला उगाच कौतुक वाटलं नाही.

आणि त्या अल्बममध्ये होतं काय? 'जंक' आणि 'टेडी बॉय', दोन्ही 1968 ची. 'टेडी बॉय' त्याने बीटल्सच्या तालमीत मांडलं तेव्हा जॉन मधेच नाचवणाऱ्याचे पुकारे करायला लागला: जोडीदार धरा, गिरकी घ्या, असले. 'अँथॉलॉजी' या बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाच्या तिसऱ्या भागात ते ऐकू येतं. पॉल गातच राहतो. मी ते ऐकतो तेव्हा आजही माझे कान तापतात, कारण आमच्या तालमीतही असाच एक पुकारे करणारा होता. 'हॉट अ‍ॅज सन' तर पॉलच्या शाळकरी वयातली धून आहे. तीही त्याने बाहेर काढली.

पण त्याने एक घोळ घातला. अल्बमबरोबर पत्रकारांना एक प्रश्नोत्तरांचा कागद पाठवला: लेनन-मॅकार्टनी पुन्हा मिळून गाणी लिहितील का, तर नाही. 10 एप्रिल 1970 ला वर्तमानपत्रांनी पॉलने बीटल्स सोडल्याची बातमी लावली. अल्बम आला आठवड्यानंतर, 17 तारखेला. तोवर लोकांनी कागद वाचला होता, आणि मग रेकॉर्डही कागदासारखीच ऐकली. 'मेबी आय'म अमेझ्ड'सारखं गाणं त्यात होतं, तरी बोलणं सगळं फुटीबद्दलच. तू बँड का सोडला याची ती पोस्ट लिहून ठेवली आहेस ना? मला वाचायलाही दिलीस. शुद्धलेखन चांगलं आहे. टाकू नकोस.

बीटल्सचा ढोलवाला रिंगो, त्याच्याकडे वही जवळजवळ नव्हतीच. मार्च 1970 मध्ये आलेल्या अल्बमात त्याने घरी आई आणि नातेवाईक गायचे ती जुनी गाणी गायली. मुखपृष्ठावर लिव्हरपूलमधल्या त्याच्या जुन्या घराजवळचा पब आहे. लोक हसले. मला तो अल्बम लबाड वाटत नाही, एवढंच म्हणतो.

राहिला जॉन. तुला जॉनच व्हायचं आहे, हे मला दिसतंय. 1970 च्या डिसेंबरातला त्याचा अल्बम संथ घंटेने सुरू होतो आणि मग तो आईला हाक मारतो. ढोलावर रिंगो, बेसवर क्लाउस फोरमन, बाकी फारसं काही नाही. ते सगळं ताज्या जखमेतून आलं, मग जुन्या वहीचं काय, असं तू विचारशील. एक, तिथेही 'लुक अ‍ॅट मी' 1968 चं आहे. दोन, तो आईबापावर गात होता, गिटारवाल्यावर नाही. तो त्या वाटेला गेला पुढच्या वर्षी, 'हाउ डू यू स्लीप?'मध्ये, आणि पॉलला जे बोलायचं ते बोलला. स्लाइड गिटार जॉर्जने वाजवली. वाजवली आहे अप्रतिम, काय करणार! त्याच अल्बममध्ये 'जेलस गाय' आहे. ती चाल 1968 ची, तेव्हा शब्द ऋषिकेशच्या रस्त्याबद्दलचे होते. बीटल्सच्या रेकॉर्डवर ती आली नाही. तीन वर्षं थांबली आणि तिला हे शब्द मिळाले. आज त्या दोनांपैकी लोक काय गातात?

आता माझं. तुला कधी सांगितलं नाही.

आमचा बँड फुटला तेव्हा माझ्याकडे एक लांबट वही होती, पुठ्ठा सुटलेली. त्यात नऊ गाणी. एकेकाच्या वर मी पेन्सिलने तारीख आणि 'नाही' असं लिहून ठेवलं होतं, जणू मीच परीक्षक. ती वही मी कपाटात वर टाकली, कारण उघडली की तालमीतले चेहरे दिसायचे. आणि तीन आठवड्यांत सहा नवी गाणी लिहिली. सगळी एकाच माणसाला उद्देशून. प्रत्येक ओळ लिहिताना वाटायचं, हे ऐकून आता याची झोप उडणार. रेकॉर्ड केली, काढली. त्याने ऐकली की नाही, मला आजही माहीत नाही. ज्यांनी ऐकली त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "ही सगळी एकाच प्रेयसीवर आहेत का हो?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वही उघडली तेव्हा फार वर्षं गेली होती. चाली हाताला लागत होत्या, पण ज्या पट्टीत त्या सुचल्या होत्या ती पट्टी गळ्यात उरली नव्हती. खाली आणून गायलो. खाली आणली की ती गाणी दुसऱ्याच कुणाची तरी वाटतात. जॉर्जने चार वर्षांत बाहेर काढलं, मला तेवढ्यात जमलं नाही. म्हणून तुला ओरडतोय. पाच वेळा ओरडलो असेन, सहाव्यांदाही ओरडेन. आधी वही रिकामी कर.

तू म्हणशील, ते चौघे बीटल्स होते, त्यांनी दार करकरवलं तरी लोक ऐकणार. बरोबर आहे. जॉर्जकडे फिल स्पेक्टरसारखा भरगच्च आवाज करणारा निर्माता होता, तुझ्याकडे कोण आहे? कुणी नाही, आणि बरंच आहे. 30 वर्षांनी अल्बम पुन्हा काढताना जॉर्जनेच लिहिलं की काही गाणी त्या अवाढव्य आवाजातून सोडवावीशी वाटतात. तुझा पंखा सोडवायला तुला 30 वर्षं लागणार नाहीत.

रागाचं गाणं फाडू नकोस. फोल्डरमध्ये टाक. तेच फोल्डर, नाव बदलू नकोस.

शुक्रवारी ये. फोन चार्ज करून आण आणि ते पंख्याचं आधी लाव. त्या तिसऱ्या ओळीचा सूर मला अजून सापडलेला नाही. मी माझी वही काढून ठेवतो. तिच्यातलं चौथं गाणं त्यांनी नाकारलं कारण म्हणे फार संथ होतं. ते संथच आहे. तू बेस धर, आणि ठेका वाढवायचा नाही.

तुझा,
दादा