कधीच प्रत्यक्ष न भेटलेला ऑनलाइन मित्र गेला, तर इतकं रडू येणं वेडेपणाचं आहे का? त्याच्या घरच्यांशी बोलावं का?

वेडेपणा अजिबात नाही. ‘ज्याचं तोंड पाहिलं नाहीस त्याच्यासाठी रडतोस?’ असं घरचे म्हणाले, हे तुम्ही लिहिलंय. जवळजवळ याच शब्दांत माझ्या थोरल्या भावाने मला ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलोय.

मी केळशीचा, तालुका दापोली. पोफळीची वाडी, थोडे माड. पाऊस मोजायची जुनी सवय आहे. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून साडेआठलाच मापक बघायचा आणि आकडा वहीत टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर असे मोजणारे आम्ही काहीजण होतो. त्यातला एक वरुडचा, अमरावती जिल्हा, संत्र्याची बाग. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण दिलेला असतो, त्यामुळे जूनचा एकेक मिलिमीटर त्याच्या जिवावरचा. गट पुढे थंडावला, आमच्या दोघांचे आकडे चालू राहिले. मी त्याला वरुड म्हणायचो, तो मला केळशी. माझ्या वहीत दोन रकाने असत. एकदा जुलैत मी २८६ लिहिलं. उत्तर आलं, ‘बाप्पा! आमचा आख्खा जुलै तुमच्या एका रात्रीत. काहून भाऊ, एवढं पाणी ठेवता कुठं?’ असे नऊ पावसाळे गेले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ पलीकडे श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं. आमच्याकडे काय झालं ते वेगळं सांगायला नको. माझ्या सव्वाशे पोफळींपैकी सत्त्याण्णव आडव्या झाल्या. वीज नाही, टॉवर नाही, रस्त्यावर झाडं. सहाव्या दिवशी दापोलीपर्यंत गाडी गेली, तिथे मोबाइलला रेंज आली आणि खिशात फोन नुसता थरथरत राहिला. वरुडचे चौतीस मेसेज. पहिला ३ तारखेच्या सकाळचा, ‘वारा वाढला का?’ मग दिवसाला पाच-सहा. शेवटचा, ‘भाऊ, काही लिहू नका, फक्त एक टिंब टाका.’ मी रस्त्याच्या कडेला उभं राहून टिंब टाकलं. तिथेच रडलो, वाडी बघून रडलो नव्हतो.

नंतर त्याने सांत्वन वगैरे केलं नाही. त्याच्या वडिलांची बाग डिंक्या रोगाने गेली होती, ती त्याने स्वतःच्या हाताने तोडली होती. एवढंच विचारलं, ‘नवी पोफळ लावली तर सुपारी कधी धरते?’ म्हटलं, सहा-सात वर्षं. ‘मग याच पावसात लावा. सातव्या वर्षी येतो मी.’ रोपं मी त्याच पावसात लावली.

हिवाळ्यात आमचं बोलणं कमीच असायचं, मोजायला काही नसतं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत विदर्भात गारपीट झाल्याची बातमी वाचून मी विचारलं, ‘वरुड, गारा किती?’ एकच खूण, राखाडी. आठ दिवस तशीच. मग एका रात्री त्याच्या नंबरवरून उत्तर आलं, ‘मी मुलगी बोलतेय. बाबा ११ जानेवारीला गेले, हार्ट अटॅक.’ म्हणजे महिनाभर तो नव्हता, आणि त्या महिन्यात मी एका लग्नात जेवलो, हर्णैला मासळी आणायला गेलो, हसलो. मला हे सगळ्यात जास्त लागलं, अजून लागतं.

ताटावर बसून डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा दादा म्हणाला, ‘ना नात्यातला, ना गोत्यातला. सुतकसुद्धा नाही. जेव आता.’

निदान कोकणातल्या माणसाने तरी हे बोलू नये. आमचे आजोबा परळला गिरणीत. गावी यायचे गणपतीला, कधी शिमग्याला. बाकी सगळा संसार पोस्टकार्डावर आणि मनीऑर्डरीवर चालला. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन ओटीवर बसून वाचून दाखवायचा. ते नातं खोटं होतं, असं दादा म्हणेल? उलट मुंबईतले एक चुलतकाका वारले तेव्हा दहा दिवस सुतक पाळलं, मी त्यांना जन्मात तीनदा पाहिलं होतं. दुःख झालं का, असं कुणी विचारलंही नाही.

त्या वर्षी सर्वपित्रीला मी भटजींना सांगितलं, एक नाव मित्राचंही घ्या. भटजी लगेच हो म्हणाले, महालयात सख्याला पाणी देतातच. गोत्र विचारलं, मला कुठून माहीत असणार? ‘गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं,’ असं म्हणून त्यांनी पुढे चालू केलं. तर्पणाच्या शेवटी तर जे बांधव नाहीत आणि जे दुसऱ्या कुठल्या जन्मी बांधव होते, त्यांनाही पाणी सोडतात. थोरला म्हणून आमच्याकडे तर्पण दादाच करतो. वरुडच्या नावाचं पाणी त्याच्याच हातून पडलं. तो काही बोलला नाही, मीही नाही.

दादा वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. वादळानंतर, लॉकडाउन असताना, ई-पास काढून डोंबिवलीहून आला आणि बारा दिवस कोयता घेऊन माझ्याबरोबर वाडी साफ केली. पण या बाबतीत तो चुकला.

तुमचा दुसरा प्रश्न. हो, घरच्यांशी बोला. पण आधी बातमी खरी आहे ना, तेवढी खात्री करा. मेल्याची बातमी पसरवून पैसे मागणारेही असतात. थेट फोन नको, आधी लिहा. कसे गेले, काय झालं, हे खोदून विचारू नका. तुमच्यात काय बोलणं व्हायचं ते सांगा, घरच्यांना ते माहीत नसतं. मी त्या मुलीला लिहिलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘काका, केळशी म्हणजे तुम्ही का? बाबांच्या वहीत रोज केळशी लिहिलंय, आम्हाला वाटलं कुणी बाई आहे.’ मग तिने पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत दोन रकाने, माझ्या वहीत आहेत तसेच.

त्यांच्याकडचा मापक आता कुणी बघत नाही. पाऊस सुरू झाला की मी साडेआठला त्या नंबरवर केळशीचा आकडा टाकतो. तिला विचारूनच सुरू केलं. निळ्या खुणा येतात, कधी दुपारी, कधी रात्री.