६०० अंशांचा रंग, तरी पोपडे का?

प्रश्न : वडिलांची जुनी, बिडाच्या बॅरलची (सिलिंडरची) बुलेट ३५० मी घरीच खोलून रंगवली. बॅरल, त्याखालचं इंजिनाचं क्रँककेस आणि धूर बाहेर नेणारा बेंड पाइप, तिन्हींना ६०० अंशांपर्यंत टिकणारा काळा स्प्रे मारला. बॅरलला खाली रेड ऑक्साइडचा हातही दिला होता. पावसाळा सरेपर्यंत बॅरलचे पोपडे निघाले, आत गंज दिसतो. कार्बोरेटरखाली पेट्रोल ठिबकतं, तिथला क्रँककेसचा रंग तर फडक्याबरोबर पुसून आला. आता ८०० अंशांचा घेऊ का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ८०० चा आणलात तर पुढच्या गणपतीत मला हेच पत्र पुन्हा लिहाल. डब्यावरचा मोठा आकडा सांगतो की रंग किती ताप सोसेल. तो पक्का व्हायला किती ताप लागतो, ते मागे बारीक अक्षरांत असतं आणि दुकानात उभं राहून ते कोणी वाचत नाही. हे रंग सिलिकॉन रेझिनचे, म्हणजे रंग धरून ठेवणारा चीक सिलिकॉनचा. थिनर उडाला की तासाभरात हाताला कोरडे लागतात, पण असतात कच्चेच. बहुतेक रंगांना साधारण २०० अंशांवर तासभर भाजावं लागतं, तेव्हा कुठे रेझिन घट्ट होतं. तोवर त्यांच्यावर पेट्रोल पडलं काय नि थिनर पडला काय, सारखंच.

आता तुमचे तीन भाग बघा. बेंड पाइप हेडजवळ, म्हणजे इंजिनाच्या डोक्याशी, ४०० अंशांच्या सहज पुढे जातो, म्हणजे तिथला रंग गाडी चालवता चालवताच भाजून निघाला. पत्रात बेंड पाइपची तक्रार नाही, ती त्यामुळेच. बॅरल वरच्या फिन्सजवळ (गार करणाऱ्या पात्यांजवळ) दीडशे-दोनशेपर्यंत तापतं, खाली कमी. आणि क्रँककेस ऑइल तापेल तेवढंच तापणार, शंभराच्या आसपास. त्यावरचा ६०० चा रंग तुम्ही दहा वर्षं गाडी चालवलीत तरी कच्चाच राहील.

माझं ऐकाल तर क्रँककेस रंगवूच नका. जुन्या बुलेटला ते उघडं अ‍ॅल्युमिनियमच शोभतं, आणि काळं केलं की तेल कुठून गळतंय तेही चटकन दिसत नाही. हौसच असेल तर इंजिन इनॅमल घ्या, साधारण २५० अंशांपर्यंतचं. यातले बरेचसे शंभराच्या आतबाहेर भाजले तरी पक्के होतात आणि मग पेट्रोलला दाद देत नाहीत. पण आधी कार्बोरेटर दुरुस्त करा हो! गळकं पेट्रोल हा काही रंगाचा प्रश्न नाही.

बॅरलचं दुखणं वेगळं. तिथे घात केला रेड ऑक्साइडने. तो साधा तेलरंगाच्या जातीचा, सतत तापला की करपून ठिसूळ होतो, मग वरचा रंग कितीही भारी असला तरी खालची जमीनच सुटते. सिलिकॉनचा रंग थेट उघड्या धातूवर बसतो. खड्डे बुजवायची लांबीही (पुट्टी) भरायची नाही, ओतकामाचे खड्डे असू द्यात.

जुना रंग नि गंज ब्लास्टिंग करूनच, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक खडी मारून काढा, फिन्सच्या फटीत पॉलिश पेपर पोचत नाही. ब्लास्टिंगवाल्याकडे टाकून निघून येऊ नका. बोअर (पिस्टनचं भोक), वरखालच्या पॅकिंगच्या जागा आणि पुशरॉडचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) बोगदे स्वतः बुजवून द्या. बोगद्यात राहिलेला खडा ऑइलबरोबर खाली जातो आणि नवीन बेअरिंग खातो. परत आल्यावर हवा मारा, थिनरने धुवा आणि मग उघड्या हाताने शिवू नका. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत ब्लास्ट केलेलं बीड संध्याकाळपर्यंत तांबूस होतं, म्हणून रंग त्याच दिवशी. दोन हात, तेही पातळ. एका हाताचा वाळलेला थर २०-२५ मायक्रॉन पुरे. जाड मारलात तर आतला थिनर अडकतो आणि भाजताना फोड येतात.

भाजायचं कुठे? घरातल्या ओव्हनमध्ये अजिबात नाही, त्या धुराला नंतर केकचा वास येणार नाही. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरातल्या पावडर कोटिंगवाल्याला गाठतो, त्यांची भट्टी १८०-२०० वरच चालते. रंग रात्रभर वाळवून न्या आणि दिवसाच्या शेवटच्या घाण्यात घालायला सांगा. काही जण नाही म्हणतील, आणि ते बरोबर असतं. सिलिकॉनची वाफ भट्टीत राहिली तर त्यांच्या पुढच्या मालावर बारीक खड्डे पडतात. तास मोजायचा तो लोखंड तापल्यापासून. बिडाचं जड बॅरल भट्टीच्या हवेच्या बरंच मागे तापतं. भट्टी मिळालीच नाही तर इंजिन बसवून मोकळ्यावर, समोर मोठा पंखा लावून, थोडं चालू करा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा थोडं जास्त चालवा. धूर येईल, घाबरू नका. पण खालच्या फिन्स यात अर्धवटच भाजतात.

प्रश्न : स्प्लेंडरच्या बेंड पाइपला टाकीसारखाच भडक लाल रंग हवाय. गरमीचा लाल स्प्रे मिळतो का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मिळतो, पण त्यावरचा आकडा नीट वाचा, काळ्या-चंदेरीपेक्षा बहुधा बराच खाली असतो. भडक लाल, पिवळा हे बहुतेक कार्बनी रंगद्रव्यांचे, ते हेडजवळच्या तापाला तपकिरी पडतात. चंदेरीत अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि चांगल्या काळ्यात धातूंची ऑक्साइडं असतात, ती टिकतात. शिवाय तुमच्या पाइपवर क्रोम असेल तर त्यावर कुठलाच रंग धरणार नाही, आधी ब्लास्ट करून ते खरबरीत करावं लागेल. क्रोम चांगलं असेल तर कशाला हात लावताय?