नांतहून एका दिवसासाठी बा-स्युर-मेर: मनोरा नंतर बघा, आधी मिठागर

तुम्ही विचारलंय की मुलाला भेटायला फ्रान्समधल्या नांतला जाताय, हातात एकच मोकळा दिवस आहे, तर ला बोलचा किनारा करावा की शेजारचं बा-स्युर-मेर, आणि त्या छोट्या गावात चर्चच्या मनोऱ्याशिवाय काही आहे का. मी नांतमध्ये काही वर्षं राहिलोय. माझं उत्तर डोळे झाकून बा-स्युर-मेर. (नावात शेवटी त्झ लिहितात, पण उच्चार नुसता 'बा'.) नांतहून ल क्रोआझिककडे जाणारी लोकल गाडी या गावात थांबते, त्यामुळे मोटार लागत नाही.

सें गेनोले चर्चचा मनोरा साधारण 60 मीटर उंच आहे. जरूर चढा, पण दिवसाची सुरुवात तिथून करू नका. वरून एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला आरशांचे तुकडे मांडावेत तसे गेरांद परिसरातल्या मिठागरांचे वाफे दिसतात. ते कसे चालतात हे कळल्यावर बघितले, तर तेच दृश्य वेगळं दिसतं.

म्हणून आधी मिठागरांच्या संग्रहालयात जा. आदेल पिशों नावाच्या बाईंनी ते 1887 मध्ये सुरू केलं. मीठवाल्यांचे लग्नातले पोशाख, घरातलं सामान, अवजारं, सगळं तिथे आहे. मी सर्वात जास्त वेळ थांबलो तो एका लाकडी पाटीसमोर. या पाटीत मीठ भरून, ती डोक्यावर घेऊन बायका अनवाणी अरुंद बांधांवरून धावत जायच्या. माझे आजोबा उरणकडच्या मिठागरात राबले. डोक्यावर पाटी आणि पायाखाली निसरडा बांध, हे चित्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कामाची पद्धतही ओळखीची वाटेल. मोठ्या भरतीला उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) पाणी आत घ्यायचं, साठवायचं, आणि नुसत्या उतारावर एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत न्यायचं. ऊन आणि वारा पाणी आटवत जातात. शेवटच्या उथळ वाफ्यात तळाला जाड मीठ बसतं. तळ चिकणमातीचा, म्हणून त्या मिठाला राखाडी झाक असते. कोरडा वारा असेल तर पाण्यावर पातळ साय धरते. तीच 'फ्लर द सेल', मिठाचं फूल. लांब दांड्याच्या सपाट अवजाराने ती अलगद ओढून घेतात. खाली टेकलं की माती मिसळली, आणि ते मीठ गेलं. काढणी साधारण जून ते सप्टेंबर चालते, तेव्हा जमलं तर त्याच दिवसांत जा. हिवाळ्यात बांध आणि गाळाची कामं असतात.

क्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता, पण हा भाग तेव्हा ज्यात होता त्या ब्रिटनी प्रांताला त्यातून सूट होती. त्यामुळे इथलं मीठ प्रांताबाहेर चोरून नेणं हा मोठा धंदा झाला होता. पुढे रेल्वे आणि स्वस्त मिठाने या वाफ्यांना उतरती कळा लागली. 1970 च्या दशकात इथे रस्ते आणि पर्यटनाचे बेत आखले गेले, तेव्हा मीठवाले एकजुटीने उभे राहिले. डिसेंबर 1999 मध्ये 'एरिका' हे तेलवाहू जहाज बुडालं, तेव्हा त्यांनी उघाड्या बंद करून खाड्यांवर मातीचे बांध घातले आणि तेल आत येऊ दिलं नाही. आपली खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी, भराव टाकून बुजताना मी लहानपणापासून पाहिलीत, म्हणून ही हकीकत मला फार मोलाची वाटते.

संग्रहालयातून केरवालेला चालत जा. मीठवाल्यांची ही जुनी वाडी, ग्रॅनाइटची घरं, सें मार्कचं छोटं चॅपल. वाफ्यांच्या बांधावर मात्र स्वतःहून पाय ठेवू नका. ती कुणाची तरी शेती आहे आणि मातीचा काठ लगेच ढासळतो. माहिती देत फिरवणारे मीठवाले असतात, त्यांच्याबरोबर उतरा. मीठ घ्यायचं तर त्यांच्याकडूनच घ्या. जाडं राखाडी स्वयंपाकाला. फूल मात्र शिजवू नका, ते ताटात वरून चिमूटभर घालायचं.

मग संध्याकाळी, ऊन कलल्यावर, मनोरा चढा. वर जायची शेवटची वेळ तेवढी सकाळीच विचारून ठेवा.