रात्रीचं विमान आणि चुकलेली तारीख

तुमच्या पोस्टमधलं ‘शनिवारी रात्री एक वाजता’ वाचलं आणि तिथेच थांबले. विमान इतकं खालून जातं की खिडक्या थरथरतात, दिवे दिसत नाहीत, विमानं दाखवणाऱ्या ॲपवर काहीच येत नाही, शेजारी म्हणतात तस्करी आहे, तक्रार कुठे करू? चार वर्षांपूर्वी मी जवळजवळ याच शब्दांत हेच विचारत फिरत होते. म्हणून आधी एक सांगा: तो शनिवारच, की बारा उलटून गेल्यामुळे रविवार?

हसू नका. माझे पाच महिने या एका गोष्टीत गेले.

आमच्याकडे विमान यायचं मंगळवारी रात्री, पाऊण वाजता. बोलताना आपण झोपून उठेपर्यंत मंगळवारच म्हणतो. तसं मी अर्जात मंगळवारची तारीख घातली आणि पुढे ००.४५ लिहिलं. कागदावर त्याचा अर्थ झाला सोमवार संपल्यानंतरची रात्र, म्हणजे बरोबर चोवीस तास आधीची. सात आठवड्यांनी एका कार्यालयाचं (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) उत्तर आलं: नमूद वेळी सदर भागात कोणत्याही विमानाची नोंद आढळत नाही.

खरंच होतं ते! मी मात्र पेटले. काहीतरी दडपतायत म्हणून तीच चुकीची तारीख घालून दुसरा अर्ज केला, या वेळी शेजाऱ्यांच्या सह्यांसकट. तो आणखी कुठल्या टेबलावर गेला, तिथून ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’, मग परत पहिल्या टेबलावर. अर्जात एके ठिकाणी मी ‘मंगळवारी जेवणं आटोपल्यावर झोपलो आणि जाग आली’ असं सविस्तर लिहिलं होतं. ते वाचूनही एकाला वाटलं नाही की फोन करून विचारावं, बाई, तुम्हाला बुधवार म्हणायचंय का? चूक माझीच, शंभर वेळा मान्य. पण वाचणाऱ्याने वाचायचं तरी!

चूक लक्षात आली तोवर उशीर झाला होता. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या रडार नोंदी किमान ३० दिवस जपाव्यात, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. अपघाताची चौकशी वगैरे नसेल तर त्यापुढे ठेवण्याची सक्ती नाही. माझं पत्र उघडण्याआधीच ती रात्र पुसली गेली असणार.

त्यात यूटीसीची, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेची भर. विमानांचं सगळं जग त्याच वेळेवर चालतं. वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना, म्हणजे नोटॅम, त्याच वेळेत असतात आणि ट्रॅकिंगच्या साइटवरचा जुना डेटाही बहुतेक वेळा तसाच. तुम्ही जगात कुठे आहात त्यावर तिथली तारीखसुद्धा मागेपुढे होते. मी आता वहीत लिहिते ते असं: ‘मंगळवार संपून बुधवार लागला, बुधवारची तारीख, स्थानिक वेळ ००.४५, यूटीसी अमुक.’ वाचायला बावळट वाटतं, वाटू दे.

आता बाकीचं भराभर. मी वैमानिक नाही, वकीलही नाही. ठेचा खाऊन शिकलेली आहे, तेवढ्याच भरवशावर घ्या.

ॲपवर दिसत नाही म्हणजे गुपित, असं नसतं. विमान आपली जागा कळवणारे रेडिओ संदेश सोडतं, त्यावर ॲप चालतं. हे संदेश १०९० मेगाहर्ट्झवर येतात आणि सरळ रेषेत जातात. विमान खालून गेलं, मध्ये टेकडी आली किंवा जवळपास कोणाचा रिसीव्हरच नसला, की चित्र कोरं. लष्करी विमानं प्रक्षेपण बंदही ठेवू शकतात. माझा अंदाज (अंदाजच!) तुमचंही लष्करीच असेल. रात्रदर्शी चष्मे लावून खालून उडण्याचा सराव अंधारातच करावा लागतो, शहराच्या उजेडात तो होत नाही. ब्रिटनमध्ये तर संरक्षण मंत्रालय कमी उंचीच्या सरावाचं वेळापत्रकच प्रसिद्ध करतं. तुमच्या देशात तसं काही निघतं का ते बघा. ‘१५० मीटरच्या खाली बंदी आहे’ म्हणून भांडू नका. तो मोकळ्या भागातला किमान आकडा नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या नागरी विमानांसाठी आहे. लष्कर, पोलीस आणि कस्टम्सची विमानं नागरी विमान वाहतुकीच्या १९४४च्या शिकागो कराराच्या कक्षेतच येत नाहीत.

उंची तर लिहूच नका. मी रागाच्या भरात ‘शंभर फूट’ लिहिलं आणि स्वतःचाच अर्ज हास्यास्पद केला. हात ताणून अंगठा धरला तर तो साधारण २ अंश झाकतो. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११ मीटर, म्हणजे ३०० मीटरवरून ते जेमतेम अंगठ्याएवढं दिसतं. हर्क्युलिस या लष्करी मालवाहू विमानाचा ४० मीटर, ते ११०० मीटरवरूनही तेवढंच दिसेल. विमान कोणतं ते अंधारात कळत नाही, मग उंची कुठून कळणार? आवाजावरही जाऊ नका. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आवाज खाली वळतो आणि लांबचं विमानही छपरावर आल्यासारखं वाटतं.

शेजाऱ्यांच्या तस्करीच्या संशयाबद्दल एवढंच: २०२४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत ‘ड्रोन’ दिसल्याच्या वार्तांनी गहजब झाला होता. ५,००० हून अधिक तक्रारी आल्या, पुढे तपासण्याजोगे धागे निघाले शंभरेक. त्या तक्रारींत साधी विमानं, हेलिकॉप्टरं आणि चक्क तारेही निघाले.

कोणीतरी तुम्हाला लेझर मारून बघायला सांगितलंय, ते कृपा करून करू नका. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि रात्रदर्शी चष्मा घातलेल्या वैमानिकाचे डोळे क्षणात दिपतात.

माझं पुढे काय झालं? पुढच्या वेळी विमान गेलं, तेव्हा बरोबर तारखेचा तिसरा अर्ज दुसऱ्याच दिवशी दिला, पोच घेतली. उत्तर दोन ओळींचं आलं: त्या रात्री पूर्वनियोजित लष्करी सराव होता. विमान कोणतं, उंची किती, काही नाही. पण त्यानंतर पुढच्या सरावाच्या तारखा तरी मागता आल्या, आणि त्या रात्री जनावरं आधीच आत बांधता येऊ लागली.

महागडा कॅमेरा घ्यावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. काळ्या पडद्यावर एक ठिपका येतो, बस. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीलाच तोंडाने वार, तारीख आणि वेळ बोला. हेलिकॉप्टर की पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान एवढं तरी जाणकाराला त्यावरून सांगता येतं.