लग्न एकदाच लावा, मलिदा मनसोक्त करा

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे यहुदी. माझी मुलगी एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या मुलाशी लग्न करते आहे. मुलगा गुणी, घर ओळखीचं, आमची काहीच हरकत नाही. तिच्या मनात असं आहे, की चर्चमध्ये वेदीसमोर हुप्पा, म्हणजे आपल्या लग्नातला चार खांबांचा छोटा मांडव उभारायचा, फादर आणि हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) दोघांनी मिळून लग्न लावायचं आणि शेवटी ग्लास फोडायचा. परदेशातली अशी लग्नं तिने पाहिली आहेत आणि ती दिसतातही देखणी. आमचे हजान मात्र 'मला यात घेऊ नका' म्हणाले. तिकडे विहीणबाईंना उंबराचं पाणी हवंच आहे आणि माझी आई म्हणते, मलिद्याशिवाय, म्हणजे पोह्या-फळांच्या ताटावरच्या प्रार्थनेशिवाय लग्न कसलं! दोन्ही घरांचा मान राहून सोहळा सुंदर व्हावा, तर काय करावं? — एक आई, ठाणे

उत्तर : आधी हजानांवरचा राग काढून टाका. हुप्प्याखाली अंगठी घालताना नवरा जे वाक्य म्हणतो, त्यात 'मोशे आणि इस्राएलच्या धर्माप्रमाणे' असे शब्द आहेत. वधू-वर दोघंही यहुदी असतील तरच त्या वाक्याला अर्थ. परदेशातले काही रिफॉर्म या सुधारक पंथाचे रब्बाय (धर्मगुरू) अशा लग्नाला उभे राहतात, पण आपले हजान ती परंपरा मानत नाहीत आणि त्यांनी ती आपल्यासाठी मोडावी असा आग्रह मी तरी धरणार नाही. हे मुलीला शांतपणे, कारणासकट सांगा. नुसतं 'चालत नाही' म्हटलंत तर आपल्याला झिडकारलं असं तिला वाटेल.

फादरांकडे गेलात तरी वेगळं उत्तर मिळणार नाही. दोन धर्मांच्या पुरोहितांनी एकाच वेळी आपापल्या विधीने वधू-वरांची संमती विचारायची, किंवा चर्चमधल्या लग्नाच्या आधी वा नंतर दुसऱ्या धर्मविधीने पुन्हा लग्न लावायचं, या दोन्ही गोष्टींना कॅथलिक कायद्याची स्पष्ट मनाई आहे. म्हणजे अडचण एकट्या आपल्या बाजूची नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की लग्न एकदाच लागू दे. दोन्ही घरांनी एकमेकांत मिसळायचं ते आदल्या दिवसांत, मांडवात, स्वयंपाकघरात आणि पंगतीत. तिथे कुणी अडवत नाही.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी लग्न करायला मुलाला बिशपांची सूट लागते. अर्ज पॅरिशच्या फादरांमार्फत जातो, त्यामुळे हॉल ठरवण्याआधी त्यांना भेटा. अशा लग्नात मिस्सा, म्हणजे पवित्र भाकरीचा (कम्युनियनचा) विधी असलेली मोठी उपासना नसते, फक्त शास्त्रवाचन, संमती, अंगठ्या आणि प्रार्थना. मला हा विधी फार आवडतो. कम्युनियन नसल्यामुळे निम्मे लोक रांगेत आणि निम्मे बाकावर असा प्रसंगच येत नाही. वाचनं तर आपल्याच तनाखातली, म्हणजे यहुदी बायबलातली निवडता येतात. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायातली रिबकेची गोष्ट घ्या. घरचे तिला विचारतात, 'या माणसाबरोबर जातेस का?' आणि ती स्वतःच्या तोंडाने 'जाते' म्हणते. नंतर १२८ वं स्तोत्र. दोन्ही उतारे चर्चच्या लग्नविधीच्या वाचनांत आहेतच, कुणाची खास परवानगी नको. ते स्तोत्र आजींना हिब्रूत म्हणू द्यावं, अशी विनंती मात्र फादरांना जरूर करा. त्यांचा थरथरता आवाज त्या चर्चमध्ये घुमला, तर मुलीला वेदीसमोर चार खांब उभे करायची गरज वाटणार नाही. पोशाखाची चिंता नको. आपली नवरी पांढऱ्या साडीत, त्यांची पांढऱ्या गाऊनमध्ये. पांढरी साडी आणि डोक्यावर जाळीदार ओढणी दोघींच्या आयांना पटेल.

ग्लास फोडू नका. तो यरुशलेमच्या उद्ध्वस्त मंदिराची आठवण म्हणून फोडतात, आणि त्याची जागा हुप्प्याखालीच आहे. टाळ्यांसाठी तो फोडलेला मला बघवत नाही.

मलिदा मात्र थाटात करा. माझं माहेर रेवदंड्याचं. आमच्याकडे मेंदीच्या आधी मोठं ताट भरायचं : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती खजूर, केळी, सफरचंदं. झाडाच्या फळाची प्रार्थना वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्याची वेगळी, आणि मग सगळ्यांनी मिळून एलियाहू हन्नाबीचं गाणं. तुमच्या व्याह्यांनाही हा संदेष्टा परका नाही, त्यांच्या बायबलात तोच एलीया आहे. त्यांच्यातल्या कुणा वडीलधाऱ्याला ताटाजवळ बसवा आणि पहिलं फळ त्यांच्या हातात द्या. लग्न रविवारी असेल तर मलिदा गुरुवारी घ्या. शुक्रवारी दिवे लागले की शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस सुरू, मग खोबरं किसायचं कधी?

उंबराच्या पाण्यालाही आनंदाने जा. विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं आणि त्याने आंघोळ घालायची, यात आपल्या धर्माला बाधेल असं मला काही दिसत नाही. आपल्याकडच्या दोघी-तिघींनी कळशी घेऊन विहीणबाईंबरोबर चालावं. विहिरीपर्यंत जाऊन येईस्तोवर दोन घरांतल्या बायका मोकळ्या होतात.

जेवणात भांडण होऊ शकतं, म्हणून पदार्थ आधी लिहून काढा. डुकराचं इंदियाल आणि सोरपोतेल नको, वेगळ्या टेबलावरसुद्धा नको. कोळंबी, खेकडे नकोत. पापलेट, रावस चालतील. मटण हजानांकडून कापून घ्या आणि नारळाच्या दुधात करा, बॉटल मसाला खुशाल त्यांचा असू दे. दोन्ही घरांना नारळाचं दूध लागतंच, त्यामुळे मांसाबरोबर दूध-लोणी नको हा आपला नियम कुणाला जाचत नाही. त्यांच्या फुग्या (तळलेले फुगीर पाव) असतील, तर त्यांचं पीठही त्याच दुधात भिजवायला सांगा. केक बिनलोण्याचा, आणि आइस्क्रीमऐवजी गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. टोस्टच्या वेळी आजींच्या हातात काळ्या मनुकांचं सरबत द्या, म्हणजे त्याही पेला उंचावतील.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मुलांचं काय? सूट मागताना मुलगा असं वचन देतो, की मुलांना कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा देण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करीन. वचन त्याचं असतं, मुलीला त्याची फक्त कल्पना दिली जाते. इकडे आपल्या धर्माप्रमाणे यहुदी आईचं मूल जन्मतःच यहुदी. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुन्नत करायची का, हा प्रश्न दवाखान्यात उभा राहू नये. दोघांनी तो आत्ताच, आपण मोठी माणसं समोर नसताना बोलून घ्यावा. उत्तर काहीही निघो, ते त्यांचं असू दे. तुम्ही आणि विहीणबाई दोघींनी त्यात पडू नका.

कायद्याचं थोडक्यात. दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमध्ये लग्न लागतं. मुलीला चर्च नकोसं वाटलं, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करा. तेव्हा मुलाने बिशपांकडे चर्चच्या विधीतूनही सूट मागावी, म्हणजे त्याच्या धर्मातही ते लग्न मान्य राहील. नोंदणीसाठी ३० दिवसांची नोटीस लागते, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर ती पुन्हा द्यावी लागते. वारसाहक्काला दोन्ही वाटांनी १९२५ चाच कायदा लागू होतो.

तारीख ठरवताना पेसाह ते शावुओत या आपल्या दोन सणांमधले ओमेरचे आठवडे टाळा आणि त्यांचा ईस्टरआधीचा उपवासकाळही. दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवली तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा बरा पडतो, नाताळ झालेला असतो आणि ईस्ट इंडियन घरांत पाहुणे आलेलेच असतात. हॉलवाल्यांना मात्र आजच फोन करा.